खडक ओळखायचा तर कणांचे जोड बघा

खडकांचे तीन प्रकार शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असतात: अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित. पण प्रत्यक्ष दगड हातात आला की बहुतेकांची गाडी रंगापाशीच अडते. काळा दिसला की बेसाल्ट, पांढरा दिसला की संगमरवर. रंग हा खडकाचा सगळ्यात बेभरवशाचा गुण आहे. कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा नुसता पातळ थर बसला तरी पांढरा वालुकाश्म विटकरी दिसू लागतो.

रंगाऐवजी एकच प्रश्न विचारा. या दगडातले कण एकमेकांना कशाने धरून आहेत?

वितळलेल्या रसात स्फटिक वाढत गेले आणि जागा संपल्यावर एकमेकांत अडकून बसले असतील, तर तो अग्निजन्य. आधीच तयार असलेले कण कुठून तरी वाहून आले आणि मधल्या फटींत खनिजाचं लुकण भरून चिकटले असतील, तर तो गाळाचा. आणि खडक न वितळता, घनच राहून त्यातली खनिजं नव्याने वाढली असतील, तर तो रूपांतरित. खडकचक्र म्हणजे या तीन प्रकारच्या जोडांचं तुटणं आणि पुन्हा जुळणं.

आधी दगड फोडा

उघड्यावर पडलेल्या दगडावर कुजकी साल चढलेली असते, कधी मिलिमीटरभर, कधी बोटभर जाड. ती पाहून केलेलं निदान हमखास चुकतं. म्हणून एक कोपरा उडवून ताजा भाग उघडा करा. सुतारी हातोडी वापरू नका, तिच्या पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. भूशास्त्राच्या कामाची हातोडी घ्या, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि घाव मधोमध न घालता कडेला घाला.

मग दहा पट मोठं दाखवणारं भिंग. ते दगडाजवळ धरून लांबून बघण्याची चूक जवळजवळ सगळे करतात. भिंग डोळ्याला जवळपास टेकवायचं आणि दगड हळूहळू वर आणत भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर थांबवायचा, कारण या भिंगाचं नाभीय अंतर तेवढंच असतं. दगड ओला केला की कणांच्या कडा उठून दिसतात. चमक तपासायची असेल तर मात्र कोरडाच बघा.

याशिवाय दोनच गोष्टी लागतात. एक पोलादी चाकू, ज्याची कठीणता मोहच्या मापावर (खनिजांच्या कठीणतेचं १ ते १० असं माप) साधारण ५.५ असते. आणि एका छोट्या थेंब-बाटलीत १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल. चाकूने चुनखडकातल्या मुख्य खनिजावर, कॅल्साइटवर (कठीणता ३), सहज ओरखडा उठतो, क्वार्ट्झवर (७) उठत नाही. उलट चाकूच झिजून दगडावर करडी रेघ ठेवतो आणि नवखा माणूस तिलाच ओरखडा समजतो. म्हणून ओरखड्यावरून बोट फिरवा. पुसली गेली तर ती चाकूची रेघ, खाच लागली तर दगडाचा ओरखडा.

रसातून गोठलेले

ग्रॅनाइटचा ताजा तुकडा भिंगाखाली धरा. फेल्डस्पार या खनिजाच्या सपाट बाजू उजेडात आरशासारख्या लकाकतात. त्यांच्या मधल्या बेढब जागांत काचेसारखं धूसर क्वार्ट्झ भरलेलं असतं. या बेढबपणाला कारण आहे. क्वार्ट्झ सगळ्यांत शेवटी तयार होतं, त्यामुळे स्वतःचा आकार घ्यायला त्याला जागाच उरत नाही. स्फटिक कोणत्या क्रमाने आले हे असं नुसत्या डोळ्यांनी कळतं.

कणांचा आकार हे निवण्याच्या वेगाचं घड्याळ आहे. ग्रॅनाइट आणि रायोलाइट यांचं रासायनिक घटन जवळजवळ सारखं; पहिला जमिनीखाली काही किलोमीटर खोल लाखो वर्षं निवला, दुसरा पृष्ठभागावर झटपट. गॅब्रो आणि बेसाल्ट हीही अशीच जोडी. बारीक दगडात मधूनच मोठे स्फटिक दिसले, तर रस दोन टप्प्यांत निवला असं समजावं, आधी खोलवर सावकाश आणि मग वर येऊन घाईने. जेम्स हॉल या स्कॉटिश संशोधकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे भट्टीत करून पाहिलं. बेसाल्टसारखा खडक वितळवून एकदम निववला तर काच झाली, आणि सावकाश निववला तर पुन्हा स्फटिकांचा दगड झाला.

वर्गात हेच सॅलॉल या पदार्थाने दाखवता येतं, तो ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. परीक्षानळीत दोन-तीन ग्रॅम सॅलॉल घेऊन ती ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धरा. एक काचपट्टी बर्फावर थंड करा, दुसरी कोमट पाण्यावर ३० ते ३५ अंशांपर्यंत आणा. दोन्हींवर दोन-दोन थेंब टाका. थंड पट्टीवर बारीक स्फटिकांचं जाळं होतं, कोमट पट्टीवर मोठे स्फटिक वाढतात. प्रयोग फसतो तो दोन कारणांनी. सॅलॉल फार तापवलं की ते निवल्यावरही द्रवच राहतं, कारण स्फटिक सुरू व्हायला एकही बीज उरलेलं नसतं. अशा वेळी घन सॅलॉलचा एखादा कण थेंबावर सोडा. आणि कोमट पट्टी ४२ अंशांच्या वर गेली असेल तर कितीही थांबलात तरी थेंब गोठणार नाही. सॅलॉलने त्वचा चुरचुरते, तेव्हा हातमोजे घाला.

आता एका मोठ्या गैरसमजाबद्दल. भूकवचाखाली शिलारसाचा समुद्र आहे आणि ज्वालामुखी म्हणजे त्याला पडलेलं भोक, ही कल्पना चुकीची आहे. कवचाखालचं प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत आणि त्या प्रावरणातून सरळ जातात, हा त्याचा पुरावा. मग शिलारस येतो कुठून? तीन वाटांनी. महासागरांच्या मधल्या पर्वतरांगांखाली तापलेलं घन प्रावरण वर सरकतं, त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तापमान न वाढताही ते थोडंसं वितळतं. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे बुडणाऱ्या पट्ट्यातलं पाणी सुमारे १०० किलोमीटर खोलीच्या आसपास वरच्या प्रावरणात मिसळतं, आणि पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी खाली येतो. पाणी असलं तर ग्रॅनाइट ६५० अंशांच्या जवळपास वितळू लागतो, कोरड्या ग्रॅनाइटला त्याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. तिसरी वाट म्हणजे खालून आलेल्या, हजारेक अंशांहून तापलेल्या बेसाल्टी रसाने वरचं कवच भाजून वितळवणं. ‘उष्णतेने खडक वितळतो’ हे एकच कारण मुलांना सांगितलं की उरलेल्या दोन वाटा कायमच्या हरवतात, आणि पृथ्वीवरचे बहुतेक ज्वालामुखी त्या दोन वाटांवरच आहेत.

खडक वितळतो तेव्हा तो सगळा एकदम वितळत नाही. आधी सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग) जास्त असलेले भाग सुटतात. प्रावरणातल्या खडकाचा थोडासाच हिस्सा वितळून बेसाल्टी रस तयार होतो, त्यात सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते. कवचातल्या खडकांचा पुन्हा अंशतः रस झाला, किंवा रसातले आधीचे स्फटिक तळाला बसून वेगळे पडत गेले, की सिलिकेचं प्रमाण वाढत वाढत ७० टक्क्यांच्या ग्रॅनाइटपर्यंत पोचतं. खडकचक्रात तोच माल गोल गोल फिरत नाही, दर फेरीला चाळला जातो. खंडांचं हलकं कवच या चाळणीतून जमलेलं आहे. चक्राची आकृती शिकवताना ही गोष्ट सहसा गाळली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

वाहून आलेले आणि चिकटलेले

नॉर्मन बोवेन यांनी प्रयोगशाळेत दाखवलं की रस निवताना ऑलिव्हिन हे हिरवट खनिज सगळ्यांत आधी आणि क्वार्ट्झ सगळ्यांत शेवटी तयार होतं. १९३८ मध्ये सॅम्युएल गोल्डिच यांनी खनिजं हवापाण्यात कोणत्या क्रमाने कुजतात ते मांडलं आणि तो क्रम हुबेहूब तोच निघाला. सर्वाधिक तापमानाला जन्मलेलं ऑलिव्हिन सगळ्यांत आधी जातं, क्वार्ट्झ मागे उरतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल होतं. ते फेल्डस्पारची चिकणमाती करतं, क्वार्ट्झला मात्र जवळपास हात लावत नाही. ग्रॅनाइटमध्ये फेल्डस्पार क्वार्ट्झपेक्षा जास्त असूनही दूरवर वाहून आलेल्या वाळूत क्वार्ट्झचंच राज्य का असतं, त्याचं उत्तर हे आहे. वाळूत फेल्डस्पारचे ताजे, कोनदार कण भरपूर दिसले तर मूळ खडक जवळच आहे किंवा हवामान कोरडं होतं, असं समजायला हरकत नाही.

गाळाच्या कणांची नावं मापावरून पडतात. २ मिलिमीटरपेक्षा मोठे ते खडे. २ पासून ०.०६२५ मिलिमीटरपर्यंत वाळू. त्याखाली ०.००४ मिलिमीटरपर्यंत पोयटा, आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. शेवटच्या दोघांतला फरक भिंगानेही दिसत नाही, म्हणून भूवैज्ञानिक चक्क दातांचा उपयोग करतात. दगडाची चिमूटभर पूड समोरच्या दातांत घोळवली की पोयटा कचकचतो, चिकणमाती लोण्यासारखी लागते. स्वच्छ जागेवरचा ताजा तुकडा असेल तरच हे करा.

पाण्यात बारीक कण बुडण्याचा वेग त्यांच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. उभ्या बरणीत १० सेंटिमीटर पाण्यात मिश्र माती हलवून ठेवली तर वाळू अर्ध्या-एक मिनिटात तळाशी जाते, पोयट्याला काही मिनिटांपासून दोनेक तासांपर्यंत वेळ लागतो आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. त्यात थोडं मीठ टाका, पाणी कितीतरी लवकर निवळतं. मिठामुळे मातीच्या कणांतलं परस्परांना ढकलणं कमी होतं, ते गठ्ठ्याने बुडतात. नद्यांचा बारीक गाळ समुद्राला मिळताच बसू लागतो, त्यामागे पाण्याचा वेग मंदावण्याबरोबर हेही एक कारण आहे.

पण गाळ म्हणजे अजून खडक नव्हे. ताज्या वाळूत सुमारे ४० टक्के जागा रिकामी असते, ताज्या चिखलात तर ६० ते ८० टक्के. वरच्या थरांच्या वजनाने चिखलातलं पाणी पिळून निघतं आणि तो शेल होतो. वाळू मात्र नुसत्या दाबाने पक्की होत नाही. तिच्या फटींतून फिरणारं पाणी कॅल्साइट, सिलिका किंवा लोहाचे ऑक्साइड सोडत जातं तेव्हाच वालुकाश्म होतो. मुठीत दाबलेल्या वाळूचा दगड का होत नाही, असं मुलांनी विचारलं तर उत्तर हे.

इथेच आम्लाची चाचणी फसवते. दगडावर थेंब टाकला, फेस आला, की ‘चुनखडक’ असं लिहून लोक मोकळे होतात. पण फेस फटींतल्या कॅल्साइटचाही असू शकतो आणि कण मात्र क्वार्ट्झचे. भिंगातून बघा, बुडबुडे कणांवरून येत आहेत की कणांच्या मधून? उलटी चूकही होते. चुनखडकासारख्या दिसणाऱ्या डोलोमाइटवर थंड, सौम्य आम्ल जवळजवळ काहीच करत नाही. चाकूने थोडी पूड पाडून तिच्यावर थेंब टाकला की मंद फेस येतो.

चुनखडक बहुतांशी जीवांचा आहे, शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे तरंगते शैवाल यांच्या कवचांचा. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक असाच उथळ समुद्रात साचलेला चुनखडक आहे आणि त्यात सागरी जीवांचे अवशेष सापडतात. बाष्पीभवनाने तयार होणारे खडक हा गाळाचाच तिसरा गट: समुद्राचं पाणी आटून साधारण पाचवा हिस्सा उरलं की जिप्सम आणि दहावा हिस्सा उरलं की मीठ बसू लागतं.

गाळाचे खडक भूपृष्ठाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग झाकतात, पण कवचाच्या घनफळात त्यांचा वाटा अगदी किरकोळ आहे. पातळ चादरच ती.

न वितळता बदललेले

रूपांतर समजायला अवघड, कारण ते घन अवस्थेत होतं. वितळलं तर तो पुन्हा अग्निजन्यच झाला. मेणाच्या रंगीत खडूंचा प्रयोग वर्गात इथेच बिघडतो. दोन-तीन रंगांचे २-३ मिलिमीटरचे कीस जाड पन्नीत घट्ट दाबले की गाळाचा खडक मिळतो. तीच पुडी ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात मऊ करून दोन फळ्यांमध्ये दाबली की रंगांचे पट्टे चपटे होतात पण वेगळे राहतात, तो रूपांतरित. घाई करून उकळतं पाणी ओतलं की सगळे रंग एक होतात. मग मुलांच्या डोक्यात ‘रूपांतरित म्हणजे अर्धवट वितळलेला’ हे घट्ट बसतं. शिवाय या नमुन्यात एक गोष्ट दाखवताच येत नाही: नवी खनिजं जन्माला येणं.

शेल घ्या. खंडांच्या कवचात दर किलोमीटर खोलीला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. २०० अंश ओलांडल्यावर चिकणमातीच्या खनिजांपासून बारीक अभ्रक तयार होऊ लागतं आणि ते दाबाच्या दिशेला काटकोनात आडवं पसरतं. हा झाला पाटीचा दगड, स्लेट. आणखी तापला की रेशमी चमकेचा फिलाइट, मग डोळ्यांना अभ्रक दिसणारा शिस्ट, आणि शेवटी फिकट-गडद पट्ट्यांचा नाइस. त्यापुढे तो जागोजागी वितळू लागतो.

जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ही चढण खनिजांवरून मोजली: क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट, सिलिमनाइट. सगळीकडे मूळ माल तोच चिखल, फक्त पुढच्या खनिजापर्यंत पोचलेला खडक जास्त तापलेला.

मग असा खडक वर येऊन थंड झाल्यावर पुन्हा शेल का होत नाही? तापताना खनिजांतलं पाणी निघून गेलेलं असतं, आणि थंड खडकात अणूंची हालचाल इतकी मंद होते की उलटी क्रिया अडून राहते. त्यामुळेच आपल्याला खोलीचा पुरावा पृष्ठभागावर वाचता येतो.

पाटीच्या दगडाबद्दल एक इशारा. त्याच्या चकत्या सुटतात त्या पातळ्यांना गाळाचे थर समजू नका. त्या दाबाने आलेल्या आहेत आणि मूळ थरांना कितीही तिरक्या असू शकतात. थर शोधायचे तर चकतीवर रंगाचे किंवा कणांच्या मापाचे तिरपे पट्टे दिसतात का बघा. शेल आणि स्लेट यांच्यात गोंधळ होत असेल तर टिचकी मारा: शेल बद्द वाजतो, स्लेट खणखणते.

संगमरवर (चुनखडकाचं रूपांतर) आणि क्वार्टझाइट (वालुकाश्माचं रूपांतर) दिसायला जुळे, पण चाकू आणि आम्ल मिनिटभरात निकाल देतात. वालुकाश्म आणि क्वार्टझाइट यांच्यात मात्र दोन्हीकडे क्वार्ट्झच, चाकू फारसा कामाचा नाही. तिथे फुटलेली बाजू बघा. वालुकाश्म बहुधा कणांना वळसा घालून फुटतो, कारण लुकण कच्चं असतं, म्हणून तो हाताला खरखरीत लागतो. क्वार्टझाइट कणांच्या आरपार फुटतो आणि गुळगुळीत लागतो. तिथे जोड कणाइतकाच मजबूत झालेला असतो.

चक्र गोल नाही

आकृतीत बाण एका दिशेने फिरतात, प्रत्यक्षात आडवाटाच जास्त. ग्रॅनाइट कधीही गाळ न होता थेट नाइस होऊ शकतो. वालुकाश्म उचलला जाऊन झिजून पुन्हा वालुकाश्म होतो, आणि हे एकाच कणाच्या नशिबी अनेकदा येतं. वेगही सारखे नाहीत. १० किलोमीटर खोल गोठलेला ग्रॅनाइट वर्षाला ०.१ मिलिमीटर या झिजेने उघडा पडायचा तर १० कोटी वर्षं लागतात. हिमालयाच्या काही भागांत हाच वेग वर्षाला काही मिलिमीटर आहे.

सगळ्यात वेगाने फिरतो तो महासागरांचा तळ. बुडणाऱ्या पट्ट्यातला बेसाल्ट खोल गेल्यावर गार्नेट असलेला एक्लोजाइट होतो. त्याची घनता पाण्याच्या ३.४ ते ३.५ पट, म्हणजे भोवतालच्या ३.३ च्या प्रावरणापेक्षा जास्त, म्हणून तो आणखी बुडतो आणि मागचा सारा पट्टा ओढून नेतो. रूपांतर हे चक्राचं इंजिन आहे ते असं. आजच्या महासागरांच्या तळाचा जवळजवळ सगळा भाग २० कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे, तर खंडांवर कॅनडातला अकास्टा नाइस ४०० कोटी वर्षांचा आहे.

एका आयुष्यात दिसण्याजोगं चक्रही आहे. आइसलँडच्या दक्षिणेला नोव्हेंबर १९६३ मध्ये समुद्रातून सर्टसी बेट वर आलं. उद्रेक १९६७ मध्ये थांबला तेव्हा त्याचं क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस किलोमीटर होतं, आता लाटांनी ते निम्म्यावर आणलंय. त्याच बेटावरची सुटी ज्वालामुखी राख आतल्या गरम पाण्याने काही वर्षांतच पक्का दगड झाली.

दुसरं टोक पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये आहे. तिथला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या गोट्या-वाळूचा, म्हणजे गाळाचा. नंतर तो दाबला-तापवला गेला, म्हणजे रूपांतरित. आणि त्यातले झिरकॉन या खनिजाचे काही सूक्ष्म कण युरेनियम-शिशाच्या मोजणीने (युरेनियमचं हळूहळू शिसं होतं, त्यावरून वय काढतात) ४४० कोटी वर्षांपर्यंतचे ठरले आहेत, म्हणजे कुठल्याशा अग्निजन्य खडकातून सुटून आलेले. तो मूळ खडक आज पृथ्वीवर कुठेही सापडत नाही. झिरकॉनची कठीणता ७.५ आहे आणि पाण्याने ते सहसा कुजत नाही, म्हणून ते उरलं. आता जॅक हिल्सचा हा खडकही झिजतो आहे, आणि त्यातले झिरकॉन पुन्हा एकदा ओढ्यांच्या वाळूत सुटे होत आहेत.